पूल, शून्य श्रेयांक

रात्रीचे साडेअकरा. ह्वारेसमधलं आमचं स्वयंपाकघर.
बाबा दुसऱ्या पाळीहून आलेत,
बोटांना अजून मोटारीच्या वायरींचा वास.
मी आठवडा आखतेय. पट्टी सापडत नाही,
म्हणून टॉर्टियाच्या पुड्याची कड धरून
पाच रकाने, थोडे तिरके.

सल्लागार बाईंकडे रिकाम्या हातानं जायचं नाही,
हे मी पहिल्या वर्षी शिकले.
गेले होते, बसले होते, "तुम्हीच सांगा" म्हणाले होते,
आणि त्यांनी जे सांगितलं त्यात एक विषय असा निघाला
की अजून त्याचं नाव काढलं तरी पोटात कळ येते.

आता यादी आहे.
स्टॅटिक्स, सकाळचीच तुकडी, संध्याकाळी बेकरी असते.
कॅल्क्युलस तीन. त्याआधी दोन पास हवं; आहे, काठावर.
इतिहास कुठलाही, फक्त मंगळवारी नको.
हे नाही तर ते, ते नाही तर आणखी काही,
असे तीन कागद, एकावर एक.

शिवाय खात्याला कुलूप होतं.
ग्रंथालयाचा दंड, चार डॉलर वीस सेंट.
तेवढ्यासाठी अख्खं सत्र अडून बसलेलं.
काल भरला. घोडं गंगेत न्हालं म्हणावं,
तर आमच्या नदीत घोड्याचे खूर भिजतील
इतकंही पाणी नसतं. नुसतं काँक्रीट, आणि मधोमध सीमा.

डेल्फिना रॉयबाल बाईंच्या टेबलावर पेकानची बरणी,
आणि भेटीला मिनिटं पंधरा.
त्यांनी माझा कागद उलटा धरला, मग सुलटा.
"हे कोरे चौकोन कसले? रोज पहाटे पाच ते सात?"
"पूल," मी म्हणाले.
त्या काही बोलल्या नाहीत. पेन्सिल घेतली
आणि प्रत्येक चौकोनात लिहीत गेल्या
पूल. पूल. पूल. पूल. पूल.
मग बेरीज केली. "आठवड्याचे दहा तास.
याहून मोठा विषय तुझ्याकडे एकही नाही.
श्रेयांक शून्य."
आणि इतिहासावर काट मारली.

मी पंधरावर अडून, त्या बारावर.
कमी घेतले तर एक सत्र वाढतं, एका सत्राची फी वाढते,
हे त्यांनाही ठाऊक, मलाही.
कोथिंबिरीच्या जुडीवर करावी तशी घासाघीस करून
आम्ही तेरावर आलो.
उठताना त्यांनी चार पेकान माझ्या मुठीत कोंबले.

गुरुवार. माझी नोंदणी सातला उघडणार,
आणि सहा छप्पन्नला मी पुलावर, रांगेत.
पुलाच्या मध्यावर पितळी पाटी आहे.
पाटीच्या अलीकडे या देशाचं नेटवर्क, पलीकडे त्या देशाचं,
आणि पाटीपुढच्या वीसेक पावलांत कुणाचंच नाही.
सहा एकोणसाठला रांग सरकली.
इतर दिवशी अर्धा तास जागची हलत नाही,
आज सरकली, नेमकी त्या वीस पावलांत.

मी कठड्याला टेकले. फोन मागच्या देशाकडे धरला.
माझ्या बाजूनं माणसं जात राहिली,
पाठीला बाळ बांधलेली बाई, शाळेच्या गणवेशातली दोन पोरं,
घोंगड्यांची वळकटी खांद्यावर घेतलेले एक म्हातारे,
ते म्हणाले, "पोरी, जागा गेली तुझी."
"जाऊ दे," म्हटलं.
वस्तू स्थिर कधी राहते? तिच्यावरची सगळी ओढ
मिळून शून्य झाली की. पहिल्या धड्यात असणार हे,
मी पुढचं वाचून ठेवलंय.

सात वाजून एक मिनिट. कॅल्क्युलस मिळालं.
प्रयोगशाळा मिळाली.
स्टॅटिक्स भरलेलं. प्रतीक्षायादी, क्रमांक दोन.

खिडकीतल्या अधिकाऱ्यानं कार्ड पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.
"सोबत काय आणलंय?"
वही, बुरितो, एक उरलेला पेकान,
आणि प्रतीक्षायादीतला दुसरा नंबर.
"काही नाही," मी म्हणाले.
जकात लागेल असं काही नव्हतंच.