तांडेलचं पान

डॉक्टर आरोसकरांनी चिठ्ठीवर लिहिलं:
भात बंद. बिस्कीट बंद. दूध बंद.
आणि खाली दोनदा रेघ मारून: पेज बंद.
मी म्हटलं, मग उरलं काय?
पेनाला टोपण घालत ते म्हणाले,
उरलं ते मांजराचं.
बंद केलं ते सगळं तुमचं होतं.

तांडेल टेबलावर बसून होता, सहा किलो आठशे.
शिमग्यापर्यंत आठाचा होता, गल्ली त्याची होती.
आता पाण्याचं भांडं तळ दाखवेपर्यंत पितो
आणि मागचे पाय टाचेपर्यंत टेकवत चालतो,
होडीवरून कायमच्या उतरलेल्या खलाशासारखा.

खास डबा मिळतो. सावंतवाडीहून मागवावा लागतो.
त्यावरचं मांजर पांढरं, केसाळ,
वेंगुर्ल्याचं ऊन न पाहिलेलं.
घरी येऊन कटिंगच्या टेबलावर
कापडाच्या खडूनेच हिशोब मांडला:
एक डबा म्हणजे अस्तराचं एक ब्लाऊज, हुकांसकट.
दिवसाला दोन डबे.
म्हणजे आठवड्याला चौदा बायकांच्या पाठी त्याच्या ताटलीसाठी,
आणि पंधरावी शिवेन तेव्हा माझा गॅस.
इन्सुलिन, सुया, वीज गेली की घामेजणारा फ्रीज
हे मांडायला टेबल पुरलं नाही.

बंदरावर सत्यवतीने पाटी उतरवली.
"मांजराक साखर? अगो, आमका चायत घालूक नाय!"
बायका हसल्या. मीपण हसले, हसायलाच हवं होतं.
मग तिनेच बर्फ बाजूला सारून
बारीक तारली निवडून दिली, वाटा नेहमीपेक्षा मोठा.
"उकडून घाल. मीठ नको, कालवणातला तुकडा तर नकोच."
कांद्याचं डॉक्टरही बोलले होते,
आणि सुकटाचं, आणि हेही, की नुसत्या मासळीवर भागत नाही.

म्हणून शौकत होडेकरच्या दुकानात गेले.
कोंबडीची हृदयं गिऱ्हाइकं नेत नाहीत.
तो ती वेगळी ठेवतो, वर्तमानपत्रात बांधून देतो,
वजन करत नाही.
"बोक्याला सांगा, दिल पाठवलंय."
चिमूटभर पावडर मात्र विकत, औषधाच्या दुकानातून,
तिथे दिल चालत नाही.

एकदम बदलायचं नाही, असं बजावलं होतं.
चमचा चमचा, आणि मला फोन करत.
ताटली बदलली की सुईची रेघ बदलते.
एक रविवार मी फोन केला नाही.
रविवारी कोण उचलतं, म्हटलं.
सोमवारी पहाटे तो भिंतीला धडकत आला,
डोळे उघडे, मी कुठेच नाही त्यांत.
साखरेचा डबा पडला, सांडला,
ओल्या बोटाने मी त्याच्या हिरड्यांना चोळत राहिले
तीच, जिच्यापायी एवढं सगळं चाललं होतं.
तासाभराने त्याने माझं बोट चावलं.
इतकं छान मला आयुष्यात कुणी चावलेलं नाही.

चार रेघांवरून दोनवर आलो.

जूनमध्ये होड्या वर ओढल्या.
बर्फातली तारली दुप्पट झाली, मग अंडं,
उकडून, कुस्करून, सकाळी सातला आणि रात्री सातला,
गिऱ्हाईक उभं असलं तरी.

रात्री मी जेवायला बसते.
भाताची वाफ निघते, तो नाक वर करतो.
आमच्याकडे भात खाल्ला नाही म्हणजे माणूस जेवलाच नाही.
जेटीवर सापडला तेव्हा मुठीएवढा होता,
पहिला घास मी त्याला मऊ भाताचाच भरवला होता,
फुंकर घालून.
आता ताटावर झाकण ठेवून, भिंतीकडे तोंड करून जेवते.
तो ओरडत नाही. ओरडला असता तर बरं.

टेबलावरचा खडू पुसायचा राहून गेला.
काल त्याच आकड्यांवर कापड पसरलं
आणि केरकरबाईंची बाही कापली,
दोन रेघांनी आखूड.
बाईंनी हात घालून पाहिला, आरशात पाहिलं,
म्हणाल्या, चालेल.
मग दारातून वळून:
"आणि तो कसा आहे? पाय टेकतो अजून?"