विटाव्याच्या अलीकडे

कासारवडवली ते रबाळे. अठरा किलोमीटर.
पण किलोमीटरने इथे कुणी मोजत नाही,
मी क्लचने मोजते, डाव्या गुडघ्याने मोजते.

मानपाड्याला मेट्रोच्या खांबाखाली
पहिली शिवी, काच वर करून, मनातल्या मनात.
कापूरबावडीला दुसरी, जरा मोठ्याने.
आणि माजिवड्याला डावीकडून घुसणाऱ्या टेम्पोला
तिसरी, जी आईने ऐकली
तर जेवायला वाढणार नाही.

कळव्याच्या पुलावर मात्र खाडी दिसते.
भरती असली की मी पहिल्या गिअरमध्येही खूश.
शेजारच्या राखाडी गाडीतला माणूस
रोज इथेच दाढी आटोपतो,
हनुवटीखालचा एक कोपरा हमखास राहतो.
सांगावंसं वाटतं. अकरा महिने झाले.

विटाव्याच्या पुलाखाली सगळंच थांबतं.
तिथे मी डब्यातली अर्धी पोळी खाते,
सासूबाईंशी न झालेलं भांडण पूर्ण करते,
जिंकतेसुद्धा.
मागचा हॉर्न वाजवतो.
वाजव बाबा. मी काय उडून जाऊ?

काल कसलीशी सुट्टी होती. आम्हाला नव्हती.
रस्ता सताड उघडा, सिग्नल हिरवेगार,
खाडी आली कधी, गेली कधी,
पस्तीस मिनिटांत रबाळे.

गेटच्या अलीकडे शिरीषाखाली गाडी लावली,
इंजिन बंद केलं
आणि बसून राहिले, पट्टा न काढता.
तांडेलसाहेबांचा फोन:
मॅडम, कुठवर आलात? बॅच खोळंबलीय.

म्हटलं, अहो, विटाव्याला अडकलेय.
वीस मिनिटं तरी लागतील.

डबा उघडला.