हाकेचं अंतर

पहिला पट्टा अडतीस ग्रॅमचा झाला.
भरमानं तो तळहातावर तोलून बघितला, म्हणाला,
"अक्का, ह्याच्यापरीस गोटी हलकी असतीय की."
सात वर्षांचं मनगट,
माझ्या सोल्डरिंगच्या मुठीहून बारीक.
दुसऱ्या पट्ट्यानं पुरळ उठलं. तिसरा
ओढ्यात बुडाला, आणि बुडतानाही
"सर्व ठीक" असा संदेश पाठवत राहिला.

उद्यमबागेत आमच्या शेडला लागून फाउंड्री आहे.
तिकडं साचे हलवायला लागले की माझं टेबल थरथरतं
आणि पडद्यावर वाटतं, कुणाला तरी झटका आला.
खरा झटका कसा असतो ते गंगव्वानं सांगितलं,
निपाणीत, तंबाखूच्या वखारीत, शिंक दाबत:
"आधी डोळं लांब जातात. मग हात.
आणि तवा मी कुठं असते?
हितं. पोती मोजत."
मी वहीत लिहिलं: हात, तीन सेकंद.
लांब गेलेल्या डोळ्यांसाठी रकाना नव्हता.

मग सीमेची भानगड.
गाव कर्नाटकात, ओढ्यापलीकडची चिंच महाराष्ट्रात.
भरमा चिंचेवर चढला की पट्ट्यातलं सिमकार्ड टॉवर बदलायचं,
सर्व्हरला वाटायचं, पोरगं राज्य सोडून पळालं.
दिवसातून अकरा वेळा गंगव्वाचा फोन कोकलायचा.
अकराव्या वेळी तिनं तो पोत्याखाली सारला.

साहेबांनी विचारलं, इशारा कुठल्या भाषेत?
कागदावर दोन चौकोन, एकातच खूण करायची.
मी गंगव्वापुढं माइक धरला.
"भरम्या, खाली बस. ना बंदे. आले बघ."
चार सेकंद. आता कुठला चौकोन?
कागद कोराच पाठवला, आवाज जोडून.

चौथ्या पट्ट्याच्या तिसऱ्या रात्री
ताप एकशे दोन. नाडी ऐंशी, शांत.
हालचाल बारीक, एका लयीत, न थांबणारी.
असला आजार कुठल्याच पुस्तकात नव्हता.
फोन कुणी उचलेना.
कारखान्याची व्हॅन काढली, पहाटे पोचले.
गोठ्यात शेळी रवंथ करत होती,
गळ्यात माझं दोन वर्षांचं काम.

भरमा भिंतीकडं तोंड करून म्हणाला,
"शाळेत मला बॅटरी म्हणतात."

हे मी कशानंच मोजलं नव्हतं.

महिनाभर बसून एकवीस रिकामे पट्टे केले,
आत नुसता तेवढ्याच वजनाचा पितळेचा तुकडा,
आणि सगळ्या वर्गाला वाटले. बाविसावा भरमाचा.
खरा कुठला ते मास्तरांना सांगितलंय. पोरांना नाही.
हिशेब बघून साहेब दोन दिवस बोलले नाहीत.
बरोबर आहे त्यांचं.

हद्द मात्र नव्यानं आखायची होती.
नकाशावरची रेघ पुसली.
गंगव्वाला बांधावर उभं केलं, म्हटलं, हाक मार.
ती लाजली. कुणाला मारू, पोरगं तर हितंच हाय.
मग पदर खोचला आणि मारली.
मी टेप सोडत चालत गेले,
ओढा, चिंच, पुढं उसाच्या सरीतून,
ऐकू येईनासं होईपर्यंत.
दोनशे चौदा मीटर.
तेवढंच कोडमध्ये घातलं.

परत आले, तर तिचा प्रश्न तयार:
"आणि वारं उलटं असलं तर?"

गेले आठ दिवस शेडच्या पत्र्यावर
मी एक लहानशी फिरकी लावून बसलेय.
फाउंड्रीची पोरं खालून हसतात.
फिरकी वळते, मी वहीत लिहिते,
दोनशे चौदा, वजा
किती ते अजून कळलेलं नाही.