तीन मिलिसेकंद

तौनो आला तेव्हा बाहेर उणे एकोणीस होतं.
अ‍ॅम्प दुलईत गुंडाळून, मुलांच्या स्लेजवर बांधून
त्याने चढावरून ओढत आणला होता,
आणि पिशवीत ती नवी पेटी,
दोनशे अ‍ॅम्पांच्या नकला पोटात घेऊन बसलेली,
पावाएवढी हलकी.

"आवाज पातळ झालाय."
एवढंच. तांपेरेची माणसं दुखणंसुद्धा
सुटे पैसे मोजल्यासारखं सांगतात.

थंड अ‍ॅम्प लगेच चालू करत नाहीत.
व्हॉल्व्हच्या काचेला घाम फुटतो, तो जिरू द्यावा लागतो.
तोवर कॉफी. खिडकीत कागद गिरणीची चिमणी,
जिथे एकतीस वर्षं त्याने रोल फिरवले
आणि उजव्या कानातले वरचे स्वर
दरमहा थोडे थोडे पगारासोबत कापून दिले.

मग गिटारपासून सुरुवात केली.
पिकअपची तार केसाहून बारीक, तिचा जीव तो केवढा;
तिला पहिल्यांदा कोण भेटतं यावर पुष्कळ ठरतं.
दार हावरं असलं तर
उजेड उंबऱ्यावरच सांडतो.
पेटीचं दार तपासलं: दहा लाख ओहम. ठीक.
केबल मोजली. नऊ मीटर!
"सोफ्यापर्यंत पोचायला," तो म्हणाला.
चार मीटरची करून दिली.
सोफा पुढे ओढीन म्हणाला.
अ‍ॅम्पच्या पाठीमागून पेटीत जाणारी पातळी उतरवली.
गुणगुण होती, तिची गाठ ट्रान्सफॉर्मर घालून सोडवली,
अर्थिंगला हात न लावता.
ते तोडून शांतता मिळवणारे दोघे मी पाहिलेत,
एकाच्या ओठावर अजून डाग आहे.

तरी पातळच.

"बोगद्यातून बोलल्यासारखं," तौनो म्हणाला,
आणि दोन्ही कान शाबूत असलेल्या मला
बोगदा तेव्हा कुठे ऐकू आला.

अ‍ॅम्पचा आवाज तारेतून सरळ येत होता
आणि तोच आवाज पेटीतून वळसा घालून,
आकड्यांत मोडून, आकड्यांतून पुन्हा सांधून,
तीन मिलिसेकंद उशिरा.
तीनच. पापणीला अर्धवट मिटायलाही पुरत नाहीत.
पण तेवढ्यात एका लाटेचा माथा
दुसरीच्या खळग्यात जाऊन पडतो
आणि त्या जागी कुणीच उरत नाही.
साफ खोट्याचं एवढं भय नसतं.
जवळजवळ खरं, जवळजवळ वेळेवर आलेलं,
ते घात करतं.

हे मी मोठ्याने म्हटलं नाही.
म्हटलं असतं तर त्याने कपात पाहिलं असतं.

पेटीची बटणं फिरवून तिला समजावलं:
मूळ स्वर तू उच्चारायचा नाहीस, बाई.
तो या म्हाताऱ्याचा. काच तापवून,
लोखंडाचा भार सोसून
तो एकदा बोलेल, आणि एकदाच.
तू त्याच्या मागचं बघ: घुमारा, भिंतींचं अंतर.
चारशे मिलिसेकंदांनी ये, खुशाल ये.
तेवढ्या लांबून येणाऱ्याला
माणसं उठून दार उघडतात.

तौनोने डावा कान स्पीकरकडे केला,
जाड बोटांनी एक कॉर्ड छेडली
आणि हात गिटारवरून काढून घेतला,
गरम भांडं टेकवून ठेवावं तसा.
बराच वेळ गेला. स्वर गेला, मग त्याच्यामागचा,
मग वर्कशॉपच्या हीटरची टिकटिक.

"हं," तो म्हणाला.

दुलईची गाठ मारताना, माझ्याकडे न बघता:
"गिरणीत शेजारी शेजारी दोन पंप होते.
कधी कधी रात्री दोघांचा आवाज एकदम नाहीसा व्हायचा.
आम्ही पळत जायचो, बंद पडले म्हणून.
हात लावून बघायचो.
चालूच असायचे."

मग विचारलं, दोरी आहे का आणखी थोडी,
उतारावर स्लेज पुढे पळते.