उरेब

ऐरोलीच्या कॉलेजात तळमजल्याला
वाऱ्याची खोली आहे. चावी माझ्याकडे.
प्लायवूडचा बोगदा, रबाळ्याच्या भंगारातला पंखा,
मधे एक काच, जी मी दर सोमवारी
ओल्या वर्तमानपत्राने पुसतो.

चौघं येतात.
निहारिका मढवी, तिचा कुणी न लागणारा रोहिदास मढवी
(गावात निम्मे मढवीच),
तन्झिला, आणि शिबू, जो काहीही विचारलं की
आधी फोन बघतो.

त्यांना असा पंख हवाय
ज्याला फट नाही, बिजागरी नाही,
उघड्या तळहाताची ओंजळ व्हावी
तसा उडता उडता बदलणारा.

फासळ्या मशीनवर छापून झाल्या.
बोटाएवढी मोटर बसली.
फासळ्या वळल्या, छान वळल्या,
कातडी मात्र ऐकेना.
प्लास्टिक फाटलं.
फुग्याचं रबर फुगलं ते फुगूनच बसलं.
मग छत्रीचं कापड, वरून सिलिकॉन चोपडून:
वर ताण, खाली सुरकुत्या.
उदबत्तीचा धूर सरळ रेषेत यायचा,
सुरकुतीपाशी अडखळायचा,
आणि तिथून पुढे त्याचा नुसता गुंता.

उदबत्ती मीच आणायचो. मोगरा.
काका, बिनवासाची नाही का मिळत?
तन्झिलाने एकदा विचारलं होतं.

तीन आठवडे बघत राहिलो.
आपण काय सांगणार?
माझी दहावी, तीही ऑक्टोबरची.
पण वडिलांचं कळव्यात टपरीएवढं दुकान होतं,
ब्लाउज, फॉल-पिको,
आणि माझा अभ्यास त्यांच्या कटिंगच्या टेबलाखाली
चिंध्यांत बसून व्हायचा, म्हणजे व्हायचा नाही.

चौथ्या मंगळवारी, दिवे घालवताना, तोंडातून गेलंच.
सरळ कापताय. उरेब कापा.

काय कापा?

उरेब. तिरकं.
सरळ धाग्यावर कापड हट्टी असतं,
तिरकं धरलं की समजूतदार होतं.
बाहीचं बघा. हात वर गेला
तरी ब्लाउज वर सरकता कामा नये.

शिबूने फोन बघितला.
पंचेचाळीस अंश, म्हणाला,
जसं काही ते अंश त्यालाच सापडले.

शुक्रवारी पंखा लावला.
एक मढवी आकडे वाचत होती, एक लिहीत होता.
पंखाची मागची कड झुकली,
झोपेत कुणी कूस बदलावी तशी,
आणि धूर तिच्यावरून पुढे गेला.
एवढंच. पुढे गेला.
टाळ्या वगैरे नाहीत.
तन्झिलाने डोळे पुसले. मोगऱ्यामुळे, म्हणाली.

मग नको नको म्हणताना त्यांनी वेग वाढवला
आणि शिवण उसवली.
निहारिकाची शिवण, आयुष्यातली पहिली. टाके लांब लांब.
पंखा थांबेपर्यंत कुणी बोललं नाही.
मग आम्ही दोघं फरशीवर बसलो,
मी सुईत दोरा ओवून दिला,
चष्मा लावून, तिसऱ्या खेपेला.

अहवाल छापून आला. त्यात अंश आहेत,
उरेब नाही. असो.
त्या शब्दाला कुठल्या रकान्यात घालणार?

काल घरी जाताना खाडीपुलाच्या टोकाला थांबलो.
खाजणावर एक घार.
पंख मारत नव्हती,
वारा बदलला की नुसता बेत बदलायची,
एक कड जराशी खाली, एक जराशी वर.
मागून हॉर्न वाजत होते.
मी मान वर करून बराच वेळ
तिची शिवण शोधत होतो.