चुंबकाची चावी

माझ्या खिशात एक चावी असते.
दात नाहीत तिला. काळी, गोल, बाटलीच्या बुचाएवढी.
पट्ट्याच्या बटणावर टेकवली
की कुणीतरी घसा खाकरावा तसा आवाज होतो
आणि मनगट सुटतं.
किंवा अडकतं. चावीला दोन्ही सारखंच.

खिशात तिला सतत काहीतरी चिकटलेलं:
टाचणी, केसांतली पिन.
एकदा आईचं चावीचं घड्याळ होतं जवळ,
ते दोन वाजून दहा मिनिटांनी बंद पडलं.
दुरुस्तीवाला म्हणाला, "लोहचुंबकापाशी काम करता का?"
मी म्हटलं, हॉस्पिटलात.

आओमोरीत जानेवारीत
तळमजल्याच्या खिडक्या अर्ध्या बर्फात बुडतात.
चौदा नंबरमध्ये कुदोसान, वय एकाहत्तर.
रात्री उठून दारावर धक्के,
"जाऊ दे, जाऊ दे मला",
तोशिएला ढकललं, तिचा चष्मा फुटला.
"अस्वस्थ. आक्रमक. २३:४० ला बांधले."
मीच लिहिलं.
माझं अक्षर वळणदार आहे, सगळे म्हणतात.

एकोणीस दिवस.
आधी पोट, मग मनगटं, मग घोटेही,
कारण पाय तेवढे मोकळे म्हणून तो पायांनीच निघायचा.
बांधताना आम्ही "माफ करा" म्हणायचो,
चौघीही, दर वेळी, न चुकता.
आणि पट्टा आवळला जाताना
तोही मान हलवून म्हणायचा,
"माफ करा हं, तुम्हाला त्रास."

नव्या मेट्रन नारिता आल्या.
बुटक्या, सर्दी झालेल्या, हातात रुमाल.
सकाळच्या बैठकीत नोंदवही मिटून त्यांनी विचारलं,
"त्या रात्री त्यांना जायचं कुठे होतं?"
कुणाला माहीत नव्हतं.
मला माहीत होतं.
माझ्या वडिलांचीही सफरचंदाची बाग होती.
रात्रभर बर्फ साचू दिला
की पहाटे फांदी बेचक्यातच फाटते,
हे आमच्याकडे शाळेआधी कळतं.
एकोणीस दिवस मला माहीत होतं
आणि मी "आक्रमक" लिहीत होते.

त्या रात्री अकराला मी त्याला गमबूट दिले.
डॉक्टरांना विचारून, हेही सांगते,
ते फोनवर बराच वेळ गप्प होते.
अंगणात एकच झाड, तेही चेरीचं, रोगट.
त्याने बांबू घेतला,
फांदीला खालून वर हलकेच टकटक केली.
ओढायचं नसतं. वडीलही ओढायचे नाहीत.
बर्फ आमच्या दोघांच्या डोक्यावर पडला.
आत येताना त्याचे कान लालबुंद,
चारपर्यंत झोपला.

दुसऱ्या रात्री बाहेर वादळ, जाता येईना.
त्याने गोळ्या थुंकल्या, माझ्या ताईच्या नावाने मला शिव्या घातल्या
(मला ताई नाही).
मी स्टूल ओढून दाराशी बसले.
कंबर भरून आली. साडेतीनला तो म्हणाला,
"तू अजून इथेच?"

आणि मार्चमध्ये तो पडला.
न्हाणीघराच्या उंबऱ्याशी, कपाळाला तीन टाके.
मुलीचा फोन हाचिनोहेहून:
"बांधलं का नाही त्यांना?"
बैठकीतली सगळी वाक्यं आठवत होती मला,
एकही तोंडात आलं नाही.
मी म्हटलं, "माफ करा."

पट्टे कपाटात आहेत. धुतलेले, घडी घातलेले.
शेजारच्या वॉर्डात मागून नेतात.
माझाही हात अजून जातो खिशाकडे,
कुणी आवाज चढवला की आधी हात जातो,
डोकं मागून येतं.

काल कुदोसानांना अंघोळ घालत होते.
मनगटावर एक फिकट पट्टी उरलीय,
वर्षानुवर्षं घड्याळ घातल्यावर राहते तशी.
तिच्याकडे बघत त्यांनी विचारलं,
"किती वाजले?"
माझ्या हातावर दोन दहा.
"थांबा," मी म्हटलं, "बघून येते."