समासात

बालग्रामसभेला अठरा मुलं हजर होती.
सरपंच बराच वेळ बोलले. मुलं म्हणजे उद्याचं वगैरे.
मग कुणाला काही मांडायचंय का, असं विचारून
त्यांनी घड्याळाकडं बघितलं.

शेवंती वेळीप उठली. सातवीतली.
आवाज इतका बारीक की पंखा बंद करावा लागला.
शाळेच्या संडासाला कडी नाही, म्हणाली.
एक आत गेली की दुसरी दार धरते.
दुसरी कुणी नसली
तर त्या दिवशी आम्ही पाणीच पीत नाही.

बाहेर पोदेरानं भोंगा वाजवला.
तो सगळ्यांना ऐकू आला.

वीस वर्षं काणकोणात इतिवृत्तं लिहितोय मी,
हात आपोआप चालतो:
'विद्यार्थ्यांनी स्वच्छतेविषयी समाधानकारक चर्चा केली.'
सही, शिक्का, बिस्किटांचे पुडे.

जाताना ती टेबलाशी थांबली.
वही तिच्या बाजूनं उलटी; मान वाकडी करून
तिनं ओळीवर बोट ठेवलं, शेवटपर्यंत नेलं.
'हांवें अशें सांगूंक ना.'
अर्थ तोच गं बाय, मी म्हणालो.
तिनं बोट काढलं नाही.

आता कचेरीत मी आणि पालीची चुकचुक.
इतिवृत्तात खाडाखोड चालत नाही, नियम आहे.
समासात बोटभर जागा होती.
तिथं लिहिलं: कडी नाही.
खाली तारीख घातली,
आणि मग ध्यानात आलं,
कधीपासून नाही
हे तिला कुणी विचारलंच नव्हतं.
मीही.